‘एक धपाटा पुरला असता’ या प्रतिक्रियेला उत्तर

काकू, सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या गणपत गल्लीत माझी अडीच वर्षांची लेक फुग्यासाठी भर रस्त्यात लोळण घेऊन रडली आणि मी तो न घेता ती शांत होईपर्यंत तिच्याशेजारी बसून राहिले, हा प्रसंग मागच्या लेखात लिहिला होता. त्यावर आपण निपाणीहून आवर्जून प्रतिक्रिया पाठवलीत. एक धपाटा पुरला असता, आपण चार मुले वाढवली पण बाजारात एकानेही हू की चू केले नाही, पोलीस पकडून नेतील एवढे सांगितले तरी मुले गप्प बसतात, आणि ज्यांना मूल आवरत नाही त्यांनी ते गर्दीत आणून लोकांची वाट अडवू नये, असा आपल्या म्हणण्याचा आशय आहे. शब्द कडक असले तरी त्यामागे मुलीची काळजी आहे हे वाचताना जाणवले, म्हणून उत्तरही सविस्तर लिहीत आहे.

वाट अडवण्याचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. गणेशचतुर्थीच्या आधीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना फुले, फळे आणि मखरांचे सामान मांडून विक्रेते बसले होते आणि मधल्या चिंचोळ्या जागेतून माणसे व दुचाक्या एकाच वेळी वाट काढत होत्या. अशा ठिकाणी फतकल मारून बसलेले मूल मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला दिसतसुद्धा नाही. मी तिला उचलून एका बंद दुकानाच्या पायरीवर नेले आणि मग तिथे बसले, परंतु त्याआधी अर्धा-एक मिनिट रस्त्यातच वाकून तिची समजूत काढत होते, ही माझी चूक झाली. रस्त्यात आधी मूल उचलावे, समजूत नंतर काढावी.

धपाट्याबद्दल मात्र मला आपले म्हणणे पटत नाही. मारल्याने मूल त्या क्षणी गप्प होते, हे खरे आहे. पण या वयात राग पूर्ण ताकदीने येतो, आणि तो आवरणारा मेंदूचा पुढचा भाग अजून अगदी कच्चा असतो. त्याची वाढ विशी ओलांडल्यावरही चालू असते. मनातले सांगायला शब्दही पुरत नाहीत. म्हणून १ ते ४ वर्षांच्या मुलांचे असे आकांडतांडव बहुतेक घरांत पाहायला मिळते, आणि त्याला खतपाणी घातले नाही तर बहुतेक वेळा ते पाचेक मिनिटांत ओसरते. तेवढी मिनिटे सोसणे मला जड जात नाही. मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. जो हात धरून तिने रस्ता ओलांडायचा तोच हात तिच्यावर उगारला जातो हे तिच्या मनात बसले, तर पुढच्या वेळी ती त्या हातापासून दूर पळेल, आणि आपल्या बाजारपेठेत दूर पळायला वाहनांच्या रस्त्याखेरीज दुसरी जागा नाही.

हे मला सुरुवातीपासून कळत होते असे मुळीच नाही. ती पावणेदोन वर्षांची असताना गोवावेसजवळ रस्ता ओलांडताना मध्येच खाली बसली. समोरून बस येत होती. मी तिचा पंजा धरून हिसका दिला आणि तिला वर खेचले. पलीकडे पोचल्यावर ती खूप रडली, मग रडणे थांबले, पण उजवा हात किंचित वाकवून अंगाशी धरून बसली आणि बिस्कीट पुढे केले तेव्हा ते डाव्या हाताने घेतले. सूज नव्हती, साधे खरचटलेलेही नव्हते. डॉक्टरांनी सांगितले, की लहान मुलांच्या कोपराशी हाडाला वेढून असलेला अस्थिबंध सैल असतो, आणि ताणलेल्या हाताला हिसका बसला की हाडाचे टोक त्यातून निसटते. त्यांनी एका हाताने तिचे कोपर धरले, दुसऱ्या हाताने तळवा फिरवत हात दुमडला, बोटाखाली ‘टक्’ झाल्याचे मला सांगितले, आणि दहा मिनिटांत ती त्याच हाताने माझी ओढणी ओढू लागली. (वाचकांपैकी कोणी हा उपाय घरी करून पाहू नये, हाड मोडलेले नाही याची खात्री डॉक्टरच करू शकतात.) असे कोपर पुन्हा निसटू शकते, हेही त्यांनी बजावले. तेव्हापासून आमच्या घरी मुलीला हाताला धरून उचलणे किंवा फरफटत नेणे कायमचे बंद झाले आहे; उचलायचे असेल तर दोन्ही काखांत हात घालून उचलायचे. आपण सुचवलेला धपाटा आणि माझा तो हिसका यांत मला फारसे अंतर दिसत नाही, काकू. दोन्ही घाईतून आणि लोकांच्या नजरांच्या धाकाने घडतात.

याचा अर्थ मी तिला मोकाट सोडते असा कृपया घेऊ नये. चालण्याच्या नियमात आमच्याकडे तडजोड नाही. तिने माझे बोट धरण्याऐवजी मी तिचे मनगट धरते, कारण बोट ती केव्हाही सोडू शकते. ती गटाराच्या बाजूला, मी वाहनांच्या बाजूला. हात सोडवून घेतला की एकदाच विचारायचे, “चालतेस की कडेवर येतेस?” आणि उत्तर आले नाही तर लगेच कडेवर घ्यायचे, मग ती कितीही पाय झाडो. तिची उंची जेमतेम तीन फूट आहे. उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगेतून तिला रस्ता दिसत नाही आणि चालकाला ती दिसत नाही. येणारे वाहन किती वेगात व किती लांब आहे, हा अंदाज तर मुलांना ९-१० वर्षांपर्यंत भरवशाने येत नाही. त्यामुळे हात धरण्याचा निर्णय तिच्यावर सोपवता येत नाही. रडण्याची मुभा मात्र तिला आहे.

फुगा न घेण्याचे कारणही हेच. पाच वेळा नाही म्हणून सहाव्यांदा रडण्याला कंटाळून घेऊन दिला, तर आणखी थोडे जास्त रडावे लागते एवढेच मूल त्यातून शिकते. त्या दिवशी एक कन्नड आज्जी “याक अळाकत्ती?” (का रडतेस?) असे मायेने विचारत तिच्यासमोर केळे धरून उभ्या राहिल्या. त्यांचे मन मोडणे मला मुलीला नाही म्हणण्यापेक्षा अवघड गेले; केळे मी घेतले, पण ती शांत झाल्यावरच तिला दिले.

पोलिसांची भीती घालण्याबद्दल एवढेच, की उद्या सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेत ती हरवली, तर तिने ज्याच्याकडे धाव घ्यावी असा पहिला माणूस पोलीसच असेल.

बाजारात नेऊच नये, हा आपला सल्ला मी अर्धा स्वीकारला आहे. दुपारची झोप मोडून किंवा उपाशीपोटी तिला नेत नाही, आणि मोठी खरेदी असली की घरी ठेवते. पण रस्ता रस्त्यावरच शिकावा लागतो. वडगावात आमच्या गल्लीत मागांची खडखड चालू असते, वाहने तुरळक असतात. तिथे रोज सकाळी आम्ही ‘थांब’चा खेळ खेळतो. मी ‘थांब’ म्हटले की तिने जिथे असेल तिथे उभे राहून जमिनीला हात लावायचा, आणि गल्लीच्या तोंडाशी तर न सांगताच थांबायचे.

आता तरी ती हात धरून चालते का, असे आपण शेवटी विचारले आहे. परवा टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी, गेट उघडून दोन्हीकडच्या गाड्या एकदम सुटल्या तेव्हा, ती आपणहून थांबली आणि वाकून जमिनीला हात लावला. परतताना त्याच रस्त्यावर पुन्हा फतकल मारली आणि मी तिला कडेवर घेतले.