"दहा मिनिटांची गोष्ट दीड तास ताणली" या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बेल्जियममधल्या निव्हेल गावी, सातव्या शतकातल्या संत गर्ट्रूडची जागा दाखवणाऱ्या आमच्या सहलीबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं. दिवस मनासारखा गेला नाही आणि सासूबाईंना बराच वेळ उभं राहावं लागलं, याबद्दल मनापासून क्षमस्व.

तुम्ही दोन तारे देऊन मुख्यतः तीन तक्रारी केल्यात: माणशी ४५ युरो जास्त होतात, "मांजरांची संत" म्हणून गेलो तर मांजराचा पत्ता नाही, आणि "श्रीमंत बापाच्या लेकीला लग्न नको होतं म्हणून ती मठात जाऊन बसली, ही दहा मिनिटांची गोष्ट बाईंनी दीड तास ताणली."

पैशांत ब्रसेल्सपासूनचं जाण्यायेण्याचं रेल्वे तिकीट, चर्चच्या तळघराची फेरी आणि दुपारचं जेवण धरलेलं होतं. बुकिंग करताना ते दिसतं. सहलीच्या माहितीत मांजराचं नाव आम्ही कुठेच घेतलेलं नाही. मध्ययुगात लोक संत गर्ट्रूडला साकडं घालायचे ते उंदीर-घुशींचा उपद्रव टळावा म्हणून. जुन्या चित्रांत तिच्या हातातल्या काठीवर उंदीर चढताना दिसतात. मांजरं तिला चिकटली ती अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. स्टेशनवरून चालत येताना मी हे सांगितलं होतं.

पण तिसरं वाक्य मला लागलं, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

बाप श्रीमंत होता हे खरंच आहे. पेपिन हा ऑस्ट्रेशियाच्या, म्हणजे फ्रँक लोकांच्या पूर्वेकडच्या राज्याच्या, राजाचा मुख्य कारभारी, राज्यातला सगळ्यांत वजनदार माणूस. त्याच्या घरी राजा डॅगोबर्ट मेजवानीला आला असताना एका ड्यूकच्या मुलाने गर्ट्रूडला मागणी घातली. ती तेव्हा लहान मुलगी होती. राजाने बोलावून विचारलं, तर ती भडकली आणि शपथेवर म्हणाली की हा नको, ख्रिस्ताशिवाय दुसरा कुणीच नको. राजाच्या तोंडावर, भरल्या पंगतीत!

६४० मध्ये पेपिन वारला. मागे विधवा इट्टा, अविवाहित मुलगी आणि अफाट जमीनजुमला. मुलीशी लग्न करणाऱ्याच्या हाती घराण्याची संपत्ती आणि मान दोन्ही लागणार. त्या काळात बळजबरीने मुलगी पळवून नेणारे सरदार होते, म्हणून इट्टाने स्वतः कात्री हाती घेतली आणि लेकीचे केस जोगिणीसारखे कापून टाकले. बिशप अमांडसच्या सल्ल्याने ६५० च्या सुमारास निव्हेलला मठ उभा राहिला, तो या धास्तीतून आणि श्रद्धेतूनही. ताई, मी नेमकं हे सांगत होते तेव्हा तुम्ही मुलांना घेऊन चौकात वॉफल खायला गेला होतात. मी अडवलं नाही, पोरांना भूक लागते. पण हा भाग ज्याने ऐकला नाही त्याला "लग्न नको होतं" एवढंच उरलेलं दिसणार.

आणि "जाऊन बसली" हे तर मुळीच खरं नाही. ६५२ मध्ये आई गेली तेव्हा गर्ट्रूड पंचविशीच्या आसपास होती, आणि स्त्रिया व पुरुष दोघांचाही असलेला तो मठ तिच्या एकटीवर आला. बाहेरचा व्यवहार तिने भिक्षूंकडे दिला, आतला जोगिणींकडे. रोमहून आणि समुद्रापलीकडून ग्रंथ मागवले, आयर्लंडची विद्वान माणसं बोलावून घेतली. त्यांतला फॉइलन वाटेत सोबत्यांसह दरोडेखोरांच्या हातून मारला गेला. तिने शोध थांबवू दिला नाही, मृतदेह सापडले ते ७७ दिवसांनी. उपास आणि जागरणांनी शरीर थकलं तेव्हा तिने पद सोडून भाची वुल्फेट्रूडला मठाध्यक्षा केलं. १७ मार्च ६५९ ला, ३३ व्या वर्षी ती गेली. आपल्याला जनावरांच्या केसांच्या खरखरीत वस्त्रात आणि एका परक्या जोगिणीने दिलेल्या जुन्या ओढणीत पुरा, असं तिने बजावून ठेवलं होतं. एवढ्या घरची मुलगी! तिचा भाऊ, वुल्फेट्रूडचा बाप ग्रिमोआल्ड राजकारणात मारला गेला, त्याच्यावरच्या रागापोटी राजघराण्याने वुल्फेट्रूडला हुसकायचा प्रयत्न केला, पण तीही जागची हलली नाही. बहीण बेगाच्या वंशात पुढचा सम्राट शार्लमेन जन्मला, हे तुम्हाला आवडलं होतं असं मला वाटलं होतं.

आता सांगा, यातलं काय गाळू?

शिवाय दीड तासातला बराचसा वेळ तळघराचा होता. १०४६ मध्ये जर्मन राजा (त्याच वर्षअखेरीस सम्राट झालेला) तिसऱ्या हेन्रीच्या उपस्थितीत पवित्र केलेल्या चर्चखाली त्याहून जुन्या चर्चच्या भिंती आणि थडगी आहेत. मे १९४० च्या बॉम्बफेकीत वरचं चर्च जळलं, तिच्या अस्थींची तेराव्या शतकातली चांदीची पेटी फुटली, आणि दुरुस्ती १९८४ पर्यंत चालली. हे चालता चालता उरकता येत नाही. तळघराची वेळ आधी ठरलेली असते. सकाळी तुम्ही ठरल्या गाडीला पोचला नाहीत, बाकी मंडळी तुमच्यासाठी थांबली, म्हणून चहाची सुट्टी कापावी लागली आणि सासूबाईंना बसायला मिळालं नाही. हे जाहीरपणे लिहायची माझी इच्छा नव्हती, पण तुम्ही ते "नियोजनाचा अभाव" म्हणून लिहिलंत.

हा धंदा मी आणि माझे यजमान दोघंच चालवतो. पुण्या-मुंबईहून येणारी मंडळी हे तारे पाहूनच आम्हाला फोन करतात, त्यामुळे तुमच्या ओळींचं ओझं आमच्यावर फार आहे. अभिप्राय काढून टाका असं म्हणत नाही. फक्त वरचं वाचून शेवटच्या वाक्याचा एकदा पुन्हा विचार करावा, एवढी विनंती.

ज्येष्ठांसाठी बसण्याची काहीतरी सोय करायचं आमच्या डोक्यात आहे, लहान मुलांसाठी वेगळी छोटी फेरीही जमते का बघतो. सहलीच्या माहितीत "चालणं आणि ऐकणं बरंच आहे" हे वाक्यही टाकू. पुन्हा या बाजूला आलात तर सासूबाईंना नक्की आणा, त्यांचे पैसे आम्ही घेणार नाही. त्यांनी शेवटपर्यंत प्रश्न विचारले होते.

कळावे,
आपली सहल-संयोजक