स्तोत्रातलं ‘कोठवर?’ गाळून स्तुतीकडे पळू नका

आपल्या घराघरांतल्या पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्तोत्रसंहितेची (दीडशे स्तोत्रांच्या पुस्तकाची) ठरावीक पानंच हाताळून मऊ झालेली असतात. २३, ९१, १०३, १२१, १५०. बाकीची कोरी करकरीत. त्यातूनही सुटी वचनं उचलून कॅलेंडरवर आणि सकाळच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जातात. हे मला मनापासून खटकतं. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून जास्त विलापाची आहेत, आणि भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिथेच कळतं.

१३वं स्तोत्र उघडा. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा एकच प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोहोंत मागणं आहे: माझ्याकडे पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ, नाहीतर मला मरणाची झोप लागेल, वैरी म्हणेल की मी ह्याला जिंकलं. मागणं आणि त्यामागचं कारण, दोन्ही देवापुढे ठेवलेलं. शेवटच्या दोहोंत भरवसा आणि गाणं. वैरी हरल्याचा एक शब्दही नाही. सुटका अजून दिसत नाही, तरी माणूस गातो.

हे स्तोत्र प्रार्थनेत घ्यायचं तर आधी एकदा मोठ्यानं, सलग वाचा. दुसऱ्यांदा वाचताना दुसऱ्या वचनापाशी थांबा आणि आपलं ‘कोठवर’ नाव घेऊन सांगा: आईचा आजार, अडकलेला पगार, घर सोडून गेलेला मुलगा. चौथ्यापाशी थांबून नेमकं काय हवं आणि का, ते बोला. मग पाचवं म्हणा, मन लागत नसलं तरी म्हणा. इथे हमखास चूक होते ती घाईची. पहिली चार वचनं उरकून लोक पाचव्यावर उडी घेतात, स्तुती तोंडातच राहते आणि काळजी होती तशीच पोटात.

वाचताना प्रत्येक वचनाच्या मध्यावर एक श्वास थांबा. हिब्रू काव्याची जुळणी अर्थाची असते. पहिल्या चरणात म्हटलेलं दुसरा चरण वेगळ्या शब्दांत म्हणतो, किंवा पुढे नेतो, किंवा उलट बाजूनं दाखवतो. म्हणून तर ते मराठीतही टिकून राहिलं. भराभर वाचलं की मात्र दुसरा चरण नुसती पुनरुक्ती वाटतो.

सुटं वचन उचलण्यात काय धोका आहे ते ९१व्यावरून कळावं. मोह घालताना सैतानानं येशूला ह्याच स्तोत्रातली ११वी आणि १२वी वचनं ऐकवली होती. ३७व्या स्तोत्रातल्या चौथ्या वचनाचंही तसंच. ‘तो तुझे मनोरथ पूर्ण करील’ एवढंच आपण पाठवतो. पण ते स्तोत्र दुष्टांची भरभराट पाहून जळणाऱ्या माणसाला उद्देशून आहे. ‘संतापू नको’ असं ते आठ वचनांत तीनदा बजावतं. पाचव्या वचनात ‘सोपवून दे’ असं जे आहे, त्या हिब्रू क्रियापदाचा मूळ अर्थ लोटणं, गडगडत ढकलणं. न पेलणारा धोंडा दुसऱ्याकडे लोटावा, तसं.

स्तुतीलाही कारण लागतं. ११७वं सगळ्यांत लहान, दोनच वचनं, पण त्यातही ‘कारण’ आहेच. १३६व्यात २६ वचनं आणि २६ वेळा ‘त्याची दया सनातन आहे’. सृष्टीपासून निघून, मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर पडून ते सर्व प्राण्यांच्या अन्नापर्यंत येतं. कौटुंबिक प्रार्थनेला हे फार छान जमतं: एकानं पहिला चरण वाचावा, पालुपद सगळ्यांनी म्हणावं. अक्षरओळख नसलेलं पोरही तिसऱ्या-चौथ्या ओळीला सामील होतं. मग त्याच चालीवर घरातल्या चार उपकारांची नावं घ्यावीत.

शापाची स्तोत्रं, १०९ किंवा १३७, वगळू नयेत असं माझं ठाम मत आहे. तिथे माणूस सूड स्वतः न घेता देवाच्या हवाली करतो.

सगळी स्तोत्रं महिन्यात बसतात. आजची तारीख घ्या आणि ३०-३० मिळवत जा. १३ तारखेला १३, ४३, ७३, १०३, १३३. रोज पाच. २९ तारखेच्या वाट्याला ११९वं येतं, १७६ वचनांचं. ते त्या दिवशी सोडून ३१ तारखेसाठी ठेवा. ३१ नसलेल्या महिन्यात त्याचे आठ-आठ वचनांचे २२ भाग रोज एक असे घ्या.

आणि २८ तारखेला ८८वं येईल. ते अंधारात संपतं, शेवटी स्तुतीची एकही ओळ नाही. पण सुरुवातीलाच देवाला ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक आहे, आणि पुढे तोच माणूस रात्रंदिवस, रोज, सकाळी हाक मारत राहतो. मयताच्या घरी प्रार्थनेला गेलात तर हे वाचा. वाचून झालं की लगेच स्तुतीचं १५०वं सुरू करू नका. त्या माणसांजवळ थोडा वेळ गप्प बसून राहा.