हिरवी पिशवी टाकीत का जिरली नाही, यावरनं झालेली खडाजंगी

रविवारी चहा यायच्या आधीच पम्यानं कट्ट्यावर वर्तमानपत्राचं पुडकं सोडलं, आत काय तर सोसायटीच्या खताच्या टाकीतनं काढलेली हिरवी पिशवी, दिवाळीच्या कार्यक्रमानंतर टाकलेली म्हणजे सात महिने झाले. कडा विरलेल्या, मधे बोट जाईल एवढी भोकं, ओढली की भिजलेल्या पापडासारखी फाटत होती, पण वरची 'कम्पोस्टेबल' ही अक्षरं नीट वाचता येत होती. सोबत त्याच कार्यक्रमातला पारदर्शक ग्लास. तो मात्र जसाच्या तसा, माती पुसली की संपलं. आंब्याच्या कोयी सोडल्या तर बाकी सगळ्याचं काळंभोर खत झालेलं.

"जास्तीचे पैसे मोजून आणलं होतं हे, सरळ फसवणूक आहे," पम्या म्हणाला.

संज्या प्लास्टिकच्या लॅबमध्ये बरीच वर्षं होता. तो म्हणाला, छापलंय ते खोटं नाहीये, अर्धवट आहे. ग्लास पीएलएचा, म्हणजे दह्यात असतं तेच लॅक्टिक ॲसिड, त्याची लांबलचक साखळी. कड्या एस्टर नावाच्या जोडाच्या, म्हणून हे पॉलिएस्टर. आधी पाणी आत शिरून कड्या तोडतं, तुकडे पुरेसे बारीक झाले की मग जंतू ते खातात. पण साधारण ५५-६० डिग्रीच्या खाली पीएलएच्या साखळ्या थिजल्यासारख्या घट्ट बसलेल्या असतात, पाण्याला नीट शिरकावच मिळत नाही. म्हणून कम्पोस्टेबलची टेस्ट ५८ डिग्रीच्या आसपास घेतात आणि ६ महिन्यांत ९० टक्के कार्बनचा वायू व्हायला हवा अशी अट असते.

नीताताई टाकीचं सगळं बघते, तिनं लगेच धरलं. "अरे मी रोज त्या टाकीत हात घालून खत ढवळते, ५८ डिग्री असतं तर हात घालता आला असता का? परवाच बघितलं, मधोमध ४१ होतं."

मला वाटलं झालं, मुद्दा संपला. पण पम्या ऐकतोय कुठला. त्याच्या बायकोचं सिझेरियन झालं तेव्हा आतले टाके विरघळणारे होते आणि डॉक्टरांनी तेव्हा सांगितलेलं की हे पण याच जातीचं प्लास्टिक, ते त्याच्या बरोबर लक्षात. "अंगात ३७ डिग्री, आपल्या टाकीत ४१. मग टाके दोन-अडीच महिन्यांत गायब आणि ग्लास सात महिन्यांत ढिम्म, हे कसं काय?"

प्रश्न एकदम रास्त होता आणि संज्यानं पण तो मनापासून घेतला. म्हणाला, त्या टाक्यांच्या धाग्यात लॅक्टिक जेमतेम १० टक्के, बाकी ९० टक्के त्याचा चुलतभाऊ ग्लायकोलिक, तो पाण्याला पटकन आत घेतो. नुसत्या पीएलएचे स्क्रू गुडघ्याच्या ऑपरेशनमध्ये वापरतात, ते त्याच अंगात, त्याच ३७ डिग्रीला वर्षानुवर्षं राहतात.

आणि पिशवी? ती अर्धी तरी विरली ना? तर तिच्यात बहुतेक पीबीएटी नावाचं प्लास्टिक, हे खनिज तेलापासून बनतं तरीही जंतूंना खाता येतं. वनस्पतीपासून बनलं की जिरतं आणि तेलापासून बनलं की नाही, हे माझ्याही डोक्यात पक्कं बसलेलं, ते साफ चूक निघालं. पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, ते पण पॉलिएस्टरच, पण त्यात कडक तुकडे ठासून भरलेले, पीबीएटीत त्याच कडक तुकड्यांच्या मधेमधे मऊ तुकडे घातलेत म्हणून जंतूंना दात लावता येतो.

बाळ्या गुहागरचा, तो म्हणाला मग समुद्रात काय होतं ते सांगा, कारण आमच्याकडं शेवटी सगळं तिथंच येतं. संज्या म्हणाला पीएलए समुद्रात जवळपास तसंच राहतं. पीएचए नावाचं एक आहे, ते जंतूच आपल्या अंगात चरबीसारखं साठवतात, १९२६ मध्ये लेम्वान्य नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानं शोधलेलं, ते खाणारे जंतू समुद्रातही असतात म्हणून ते तिथंही जिरतं. पण इंग्लंडमधल्या प्लिमथ युनिव्हर्सिटीनं २०१९ मध्ये छापलेलं बघा, कम्पोस्टेबल पिशवी समुद्रात ३ महिन्यांत दिसेनाशी झाली आणि तीच पिशवी मातीत २७ महिन्यांनीसुद्धा होती, सामान घातल्यावर फाटली तो भाग वेगळा. आणि 'बायोडिग्रेडेबल' म्हणून विकलेली दुसरी पिशवी ३ वर्षांनी मातीतनं काढून त्यात किराणा भरला तर तिनं तो पेलला.

"म्हणजे समुद्रात टाकलेली बरी?" बाळ्या भडकलाच. संज्या म्हणाला दिसेनाशी झाली म्हणजे जिरली असं होत नाही, बारीक तुकडे होऊन पसरली असेल तरी डोळ्याला तेच दिसणार. मला यातनं एवढंच कळतं की एका जागेवरनं दुसऱ्या जागेचा अंदाज बांधता येत नाही, आणि पिशवीवर नुसता हिरवा रंग नि एक शब्द छापतात, किती तापमानाला, कुठल्या जागी, किती दिवसांत, यातलं काहीच मोठ्या अक्षरात नसतं, याचा मला खरंच राग येतो.

नीताताईनं पिशवीचे तुकडे परत टाकीत टाकते म्हणून उचलले, निम्मं काम झालंय तर होऊ दे म्हणाली, आणि पुढच्या कार्यक्रमाला स्टीलचे ग्लास, मी घासते पण हे नको. मग राहिला तो ग्लास. टाकीत जिरणार नाही. बाटल्यांच्या भंगारात दिला तर दिसतो पेटसारखाच पण वितळायचं तापमान वेगळं, सगळा घाणा नासवतो. ओल्या-सुक्याच्या गाडीतनं डेपोत गेला तर तिथं ढिगाखाली दबून हवा मिळणार नाही, बहुधा तसाच पडून राहणार.

"मग टाकू कुठे मी हा?" पम्या विचारत राहिला. तोवर चहा पण गार झाला होता. ग्लास अजून त्याच्या स्कूटरच्या डिकीत आहे.