देवाला कुणी केलं, असं विचारलं म्हणून

सोसायटीच्या सत्यनारायणाहून आत्ताच आले, डोकं अजून तापलेलंच आहे. प्रसाद वाटताना एक काका मुलांना सांगत होते, "माठ आपोआप होतो का? कुंभार लागतोच ना? तसा जगाला देव." शेजारची आठ वर्षांची पोर पटकन म्हणाली, "मग देवाला कुणी केलं?" काका खेकसले, "असं विचारू नये, पाप लागतं!" आईनं दंडाला धरून तिला बाहेर नेलं. शिऱ्याचा द्रोण तसाच राहिला.

हाच प्रश्न मी सातव्या वर्षी आजीला विचारला होता. संक्रांतीची सुगडं घ्यायला कुंभारवेशीला गेलो होतो, चाक फिरत होतं. पूजा झाल्याशिवाय चहाही न घेणारी आजी. म्हणाली, "मला नाही गं ठाऊक. तुला कळलं की मलाही सांग."

अहो काका, तुमचा तो माठ नैयायिकांचा, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचा आहे! घट म्हणजे माठ हे कार्य, केलेली वस्तू, म्हणून त्याला कर्ता. जगही कार्य, म्हणून त्यालाही कर्ता. त्यांच्यातल्याच उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात यावर केवढा वाद घातलाय, विरोधकांचे आक्षेप घेऊन घेऊन. मीमांसक, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे, तर वेद मानूनही जगाचा कर्ता मानत नव्हते. आणि सृष्टी कशी झाली असं विचारणारं नासदीय सूक्त (ऋग्वेद १०.१२९) संपतं कुठे? या सगळ्याचा जो अध्यक्ष, त्याला ठाऊक असेल, "यदि वा न वेद", किंवा त्यालाही नसेल! ऋषींना चालतं आणि पोरीला पाप?

आपल्याच पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर, बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या (बिग बँगच्या) बाजूने असतानाही विचारत राहिले, विश्वाला आरंभ होता हे कशावरून? आरंभच नसेल तर कुंभार कधी बसला चाकावर?

बरं, मान्य. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस 'प्रत्येक गोष्टीला कारण असतं' असं म्हणतच नाही. जे दुसऱ्याच्या आधारानं आहे त्याला कारण हवं, आणि ही साखळी कुठेतरी स्वतःच्याच आधारावर असलेल्यापाशी टेकायला हवी, असं त्याचं म्हणणं. पोरीच्या प्रश्नानं ते पडत नाही. मग हेच सांगा ना तिला! दटावता कशाला?

लिहिता लिहिता आठवलं, काकू जाऊन वर्षही झालं नाही. काकांना कुंभार हवाच असणार. बाबा गेले तेव्हा रात्र रात्र मलाही हवा होता.

आजी गेली तेव्हा मी अकरावीत होते. तिला सांगण्यासारखं काही सापडलं नव्हतं, आजही नाही.

उद्या शिरा करून त्या पोरीकडे जाणार आहे. तिच्या आईशीही बोलणार आहे.