'नको नको' म्हणणारा चार्ली

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर कोल्हापुरात मंगळवार पेठेत ताईच्या घरी टीव्हीवर चार्ली चॅप्लिनचा 'द इमिग्रंट' लावला. 1917 चा मूकपट, पंचवीसेक मिनिटांचा. आई 78 वर्षांची. तिला सबटायटल वाचायचा कंटाळा, म्हणून मूकपट, असं मी सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. ताईचा पोरगा, म्हणजे माझा भाचा, गेल्या ऑक्टोबरात जर्मनीला गेला. तेव्हापासून त्या घरात त्याचा विषय निघाला की सगळे आवाज खाली करतात. पोरगं नोकरीला नाही, आयसीयूत गेलंय असं वाटावं.

सिनेमा सुरू होतो तो जहाजावर. चार्ली कठड्यावर ओणवा, पाठ आपल्याकडं, अंग गदगदा हलतंय. "आगं बाई, ओकाय लागला," आई म्हणाली. तेवढ्यात तो वळतो आणि हातात गळाला लागलेला मासा! आई जी हसली, ती पानाचा डबा सांडेपर्यंत.

मग न्यूयॉर्क येतं. सगळे डोळे भरून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघतात, आणि पुढच्याच क्षणी अधिकारी येऊन त्या सगळ्यांना एका दोरीनं आवळून मागं ढकलतात. गंगावेशीत दुधाच्या म्हशी सुद्धा याहून मानानं उभ्या असतात. चार्ली पुतळ्याकडं पुन्हा एकदा वळून बघतो, 'काय हो बाई?' अशा नजरेनं, आणि संधी मिळताच त्या अधिकाऱ्याच्या पार्श्वभागावर लाथ घालतो. ज्यानं ज्यानं व्हिसाच्या रांगेत फाईल छातीशी धरून तास काढलेत, त्या प्रत्येकाची ती लाथ आहे.

पण माझा मुद्दा पुढच्या हॉटेलातला आहे.

चार्लीला रस्त्यावर एक नाणं सापडतं. तो ते खिशात टाकतो. खिसा फाटका, नाणं परत रस्त्यावर. आपल्याला माहीत, त्याला नाही. तो ऐटीत हॉटेलात शिरतो, टोपी घालूनच बसतो, आणि धिप्पाड वेटर ती उतरवायला लावतो. घेवड्याच्या बिया येतात, त्या तो सुरीवर एकेक घेऊन खातो. शेजारच्या एका माणसाला दहा सेंट कमी पडतात, तर सगळे वेटर मिळून त्याला तुडवतात. ते बघून चार्ली खिसा चाचपतो. इथून पुढं त्याच्या चेहऱ्यावर जे चालतं त्याला विनोद म्हणा नाहीतर भीती म्हणा, वस्तू एकच आहे.

वेटर झालेला एरिक कॅम्पबेल. आधी तिथं हेन्री बर्गमन होता, पण तो पुरेसा भीतिदायक वाटेना म्हणून चॅप्लिननं नट बदलला. आणखी एक गंमत म्हणजे, आधी हा सिनेमा फक्त हॉटेलाचाच होता. या माणसाच्या खिशात पैसे का नाहीत, हे शोधता शोधता जहाज मागून आलं.

आता बिल. एक चित्रकार टेबलापाशी येतो आणि 'तुमचं मी देतो' म्हणतो. चार्ली म्हणतो, नको नको. तो पुन्हा म्हणतो. चार्ली पुन्हा नको. आणि एक 'नको' जास्त होतं! चित्रकार म्हणतो बरं, आणि फक्त स्वतःचं बिल देऊन मोकळा होतो. चार्लीचा चेहरा बघावा तेव्हा.

ताई टीव्ही थांबवून म्हणाली, "हे ह्याचंच झालंय की रं!" आणि मग आठ महिन्यांत पहिल्यांदा तिनं ती गोष्ट सांगितली. पहिल्या आठवड्यात भाच्याला एका सहकाऱ्यानं घरी बोलावलं. जेवणार का, विचारलं. हा कोल्हापूरचा. पहिल्या आग्रहाला हो म्हटलं तर आईबापाचं नाव जातं. म्हणाला, नको, जेवूनच आलोय. तो भला माणूस 'बरं' म्हणाला आणि ह्याच्यासमोर बसून जेवला. आपल्याकडं मिसळ खाल्ल्यावर गल्ल्यावर बिलासाठी मनगटं पिरगाळतात. तिकडं 'नको'चा अर्थ नको असतो. हे कोण शिकवतं? 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, पोरं जर्मन भाषेच्या क्लासला जायला लागली. चांगलंच आहे. क्रियापदं येतील. दुसऱ्यांदा विचारलं जाणार नाही, हे कुठल्या धड्यात असतं?

नव्या देशात आधी फजिती होते ती शरीराची. तिकडच्या खिडक्यांची मूठ वर फिरवली की अख्खी काच वरच्या बाजूनं आत कलते, हवा यावी म्हणून. भाच्याला वाटलं बिजागरी तुटली. पोरगं अर्धा तास दोन्ही हातांनी खिडकी धरून उभं! शेवटी कोपरानं व्हिडिओ कॉल लावला. रिकाम्या बाटलीमागं 25 सेंटपर्यंत परत मिळतात हे कळल्यावर महिनाभराच्या बाटल्या घेऊन निघाला, तो रविवार होता. दुकान बंद. तसाच खळखळाट करत ट्राममधून परत. हे दुःख आहे का? आहे. पण ते रडक्या गाण्यात बसत नाही, ते चार्लीतच बसतं.

आपल्याकडं परदेशी जाण्याच्या दोनच गोष्टी सांगतात. एक विमानतळावरचा फोटो, हार, पेढे. दुसरी 'आईची आठवण येते'. मधला बाटल्यांचा खळखळाट कुणी सांगत नाही. आमच्या गावाला तर पडद्याचं बाळकडू आहे. चार्ली हे करत होता त्याच सुमारास बाबूराव पेंटर इथं स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवायच्या खटपटीत होते. गावातल्या खरी कॉर्नर चौकात त्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. 1925 च्या त्यांच्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गेलेला शेतकरी शहरात गिरणीत जातो. थोर सिनेमा, वाद नाही. पण शहरात पहिल्या दिवशी तो कशाला धडपडला असेल, हे मला कायम बघावंसं वाटतं.

आणि हसवणारा सिनेमा दुःख लपवतो असंही नाही. जहाजावर आईबरोबर असलेली एक मुलगी चार्लीला हॉटेलात परत भेटते. तिच्या हातात काळ्या काठाचा रुमाल दिसतो, म्हणजे आई गेली. एवढंच. ना पाटी, ना हुंदका. आमच्या आईनं मात्र पदर डोळ्याला लावला, आणि पुढच्या मिनिटाला चार्लीच्या हाती लागलेलं दुसरं नाणं खोटं निघालं तशी पुन्हा हसली.

ती लाथ मात्र अमेरिका विसरली नसावी, असं म्हणायचा मोह होतो. 1952 मध्ये चॅप्लिन जहाजानं लंडनला निघाला आणि मागं त्याचा परत यायचा परवानाच रद्द झाला. साठी उलटल्यावर त्यानं स्वित्झर्लंडमध्ये नव्यानं बिऱ्हाड मांडलं. पुन्हा अमेरिकेत पाऊल टाकलं ते 1972 मध्ये, मानद ऑस्कर घ्यायला.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. रोज ताई विचारते, "जेवलास का?" आणि तो म्हणतो, "हो." त्या दिवशी तिनं विचारलं, "आज कुठं पडलास?" तो जरा गप्प बसला. मग म्हणाला, "सांगतो. पण मामा शेजारी नाही ना? तो फेसबुकवर टाकतो."

ताईनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "न्हाई रं, गेला तो मघाशीच."