व्यायाम ड्युटीच्या आत हवा

गेल्या रविवारी बडोद्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा ती पाठीखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. तिथल्या एका खासगी रुग्णालयात ती 21 वर्षं स्टाफ नर्स आहे. रुग्णालयानं कर्मचाऱ्यांसाठी व्यायामवर्ग सुरू केलाय, सकाळी सात ते साडेसात. तिची ड्युटी आठची. म्हणजे साडेचारला उठायचं, चौघांचे डबे करायचे, स्कूटरनं वर्गाला पोचायचं आणि मग दुपारी दोनपर्यंत वॉर्डात उभं राहायचं. वर्गाची हजेरी लागते. तीन दिवस चुकवलेल्यांची नावं स्टाफच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली, त्यात हिचंही होतं.

आमच्या घरच्या ग्रुपवर त्यावरून चांगलीच जुंपली. काकांचं म्हणणं, लोकांना आरोग्य शिकवणाऱ्यांनी स्वतःसाठी अर्धा तास काढला तर बिघडलं कुठं? मावसबहीण रेसिडेंट डॉक्टर आहे. तिनं एवढंच लिहिलं की आधी झोपू द्या. तिचं मला पूर्ण पटतं. रेसिडेंटकडून आठवड्याला 74 तासांहून जास्त काम घेऊ नये, अशी शिफारस राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाला 2024 मध्ये करावी लागली. 74 ही त्यांनी सुचवलेली कमाल मर्यादा आहे, म्हणजे आज काय चाललं असेल ते समजा. इथं डेन्मार्कमध्ये पूर्णवेळ नोकरीचा आठवडा 37 तासांचा असतो.

मी इथल्या ओडेन्से शहरात फिजिओथेरपिस्ट आहे. काकांना मी एका डॅनिश प्रयोगाबद्दल सांगितलं, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. तीन रुग्णालयांच्या 18 विभागांतल्या 200 महिला कर्मचारी त्यात होत्या. दहा आठवडे, आठवड्यातून पाच वेळा, दर वेळी दहा मिनिटं. काही विभागांतल्या बायकांनी केटलबेल (वर मूठ असलेलं गोल लोखंडी वजन) आणि रबरी पट्टे घेऊन कामाच्या वेळातच, एकत्र व्यायाम केला; बाकीच्यांनी फावल्या वेळात घरी. कामावर करणाऱ्यांचा व्यायाम आठवड्याला सरासरी 2.2 वेळा झाला, घरी करणाऱ्यांचा एकदाच. कामावर करणाऱ्यांचं दुखणंही जास्त उतरलं. वेदनेच्या शून्य ते दहा या मोजपट्टीवर 0.7 गुणांचा फरक, म्हणजे फार मोठा नाही, पण रोज रुग्ण उचलणाऱ्या खांद्याला तेवढंही जाणवतं.

मला यातला घरचा आकडा बोलका वाटतो. 37 तासांच्या देशातल्या बायकांनाही घरी गेल्यावर जमलं नाही. मग साडेचारला कणीक मळणाऱ्या माणसाला आळशी कसं म्हणायचं? काका, वहिनीच्या मनाचा प्रश्नच नाही. तुम्ही मागताय तो अर्धा तास तिच्या झोपेतला आहे, रुग्णालय स्वतःच्या वेळातला एक मिनिटही देत नाही.

इथं सगळं छान चालतं असंही नाही. कामावरच्या गटालासुद्धा पाचाचं निम्मंही गाठता आलं नाही. आमच्या वॉर्डातही कुणी बेल दाबली की पट्टा खाली टाकून पळावं लागतं. तरी एक फरक मोठा आहे. इथं जड रुग्णाला पलंगावरून खुर्चीत नेताना छताला बसवलेला उचलपाळणा असतो. तिथं वहिनी, आयाबेन आणि सापडला तर वॉर्डबॉय. ज्या कंबरेवर सकाळभर असं ओझं येतं तिला अर्धा तास आसनं घालून पुरत नाही, आधी ओझं कमी करावं लागतं.

ग्रुपवर कुणीतरी ‘ही परदेशी थेरं’ असंही लिहिलं. बडोदेकरानं हे लिहावं याचं मला खरंच वाईट वाटलं. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर आहे. तिथल्या प्रोफेसर माणिकरावांनी सांघिक व्यायाम, कवायत शिकवली, आणि तेच निखळलेली हाडंही बसवत. शरीर कमावणं आणि दुखणं बरं करणं ही कामं आपल्या गावात एकाच माणसानं केली आहेत. मुद्गल फिरवणाऱ्या शहराला केटलबेल नवी नाही.

माझं मागणं साधं आहे. दुपारी दोनला सकाळची आणि दुपारची अशा दोन्ही पाळ्या हँडओव्हरसाठी वॉर्डात असतात. दुपारच्या पाळीला दहा मिनिटं आधी बोलवा आणि त्याचा पगार द्या. मग अर्ध्याजणी रुग्ण बघतील, अर्ध्याजणी खांदे-पाठीचा व्यायाम करतील, दुसऱ्या दिवशी उलट. हजेरी घ्यायचीच तर व्यवस्थापनानं किती दिवस ही दहा मिनिटं खरोखर मोकळी ठेवली, याची घ्यावी.

वहिनीला हे पटलं. मेट्रनशी बोलते म्हणाली. डिसेंबरात येताना रबरी पट्टे आणू का, असं मी विचारलं.

‘‘पट्टे इथं मिळतात गं,’’ ती म्हणाली. ‘‘तू मागे व्हिडिओत दाखवलीस ना, रुग्णाला सरकवायची ती गुळगुळीत चादर? ती आण. दोन आण, एक मेल वॉर्डाला देईन.’’