दुर्बीण फेब्रुवारीतच आत ठेवू नका

भिगवणच्या रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो टाकून झाले की आपल्याकडे पक्षी बघण्याचा हंगाम संपला असं धरतात. दुर्बीण कपाटात जाते ती थेट पुढच्या नोव्हेंबरात बाहेर येते. माझं ठाम मत आहे की लहान पाहुण्या पक्ष्यांसाठी वर्षातले सगळ्यात चांगले आठवडे होळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंतचे असतात. हिवाळाभर मळकट दिसणारे आणि झुडपात गप्प बसणारे पक्षी परतीला निघण्याआधी रंगात येतात, बोलू लागतात आणि चरबी साठवायला दिवसभर खात सुटतात.

पिवळा धोबीच घ्या. डिसेंबरात सगळे सारखेच, तपकिरी-हिरवट. मार्च-एप्रिलमध्ये नराच्या डोक्यावर नवीन पिसं येतात आणि तळ्याकाठच्या एकाच गवतात, चरणाऱ्या म्हशींच्या पायांशी, वेगवेगळे धोबी दिसायला लागतात. एकाचं डोकं काळंकुळकुळीत. दुसऱ्याचं गडद राखाडी, भुवई नसलेलं. तिसऱ्याचं फिकं निळसर-राखाडी, वर ठळक पांढरी भुवई. या एकाच जातीच्या उपजाती आहेत. काळ्या डोक्याचा बाल्कन-तुर्कस्तानपासून मध्य आशियापर्यंतच्या पट्ट्यात वीण घालतो, गडद राखाडी स्कँडिनेव्हिया-सायबेरियाकडे, भुवईवाला कझाकस्तानच्या आसपासच्या गवताळ प्रदेशात. कोण कुठे निघालंय हे डोक्यावरून कळतं, आणि ते आपल्याला फक्त याच दिवसांत दिसतं.

भोरडीचं, म्हणजे पळसमैनेचं, गणित उलटं. रंगात यायला तिला नवीन पिसं येत नाहीत. जुन्या पिसांची तपकिरी टोकं झिजतात आणि खालचा गुलाबी उघडा पडतो. म्हणून हिवाळ्याच्या सुरुवातीची भोरडी कळकट आणि मार्चमधली झळाळती. पांगारा किंवा काटेसावर फुलली असेल तर त्या झाडासमोर उभे राहा. फुलात चोच खुपसून ती डोकं वर काढते तेव्हा काळ्या कपाळावर परागांची पूड चिकटलेली असते, आणि तशीच ती शेजारच्या फुलावर जाते. काही गावांत होळीसाठी सावर तोडतात, तीही नेमकी फुलावर असताना. माझी कळकळीची विनंती आहे की त्या जागी वाळलेलं लाकूड वापरा.

वटवट्यांपाशी, म्हणजे पानांत आणि झुडपांत लपणाऱ्या चिमुकल्या फिक्या पक्ष्यांपाशी, बहुतेकांचा धीर सुटतो. ते डोळ्यांनी नाही, आधी कानांनी ओळखायचे. वर पानांत ‘चिस्ली, चिस्ली’ असा दोन तुकड्यांचा आवाज आला तर हिरवट पर्ण वटवट्या. खाली झुडपात थांबून थांबून ‘चक्... चक्’ आला तर बहुधा ब्लिथचा बोरू वटवट्या. बाभळीत कडक ‘टक्’ आणि पांढरा गळा दिसला तर शुभ्रकंठी. कोरडं ‘टिर्र्र’ ऐकू आलं आणि शेपूट वर उचललेली दिसली तर तो वटवट्या नाही, लाल कंठाचा माशीमार. पुस्तकात हिरवट वटवट्याच्या पंखावर फिकी पट्टी दाखवलेली असते, पण वसंतात ती झिजून पार नाहीशी झालेली असू शकते. पट्टी दिसत नाही म्हणून भलतंच नाव लिहिलं जातं, ते इथेच. एप्रिलमध्ये बोरू वटवट्या झुडपातच हळू आवाजात गाण्याचा सराव करतो, त्यात इतर पक्ष्यांच्या नकलाही असतात. तिथे दहा मिनिटं नुसतं बसा.

फिरू नका, एक झाड निवडा. मोहरलेला कडुनिंब, फळांनी लगडलेला उंबर किंवा पिंपळ. सूर्य पाठीशी ठेवून चाळीस मिनिटं उभे राहा. उजाडल्यापासून नऊपर्यंतची वेळ उत्तम, त्यानंतर उन्हाने हालचाल मंदावते. दुर्बीण ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिमी काचेची, घ्या. दहापटीत पक्षी मोठा दिसतो, पण दृश्याचा घेर कमी होतो, हात थरथरतो आणि पानांतला वटवट्या हरवतो. नजर पक्ष्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधू नये. बऱ्याच जणांनी उजव्या डोळ्याची रिंग कधी फिरवलेलीच नसते आणि मग डोकं दुखतं. आधी उजवी काच झाकून मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करा. मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, तीच पाटी उजव्या रिंगने स्पष्ट करा. एकदाच करायचं काम आहे.

मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बाहेर काढणं मला अजिबात मान्य नाही. हजारो किलोमीटरच्या तयारीत असलेल्या दहा ग्रॅमच्या जिवाचं खाणं आपण एका फोटोसाठी थांबवतो.

नोंद मात्र नक्की करा. आल्याची तारीख सगळे लिहितात, गेल्याची कुणीच नाही, कारण ‘आज शेवटचा दिसला’ हे त्या दिवशी कळत नाही. त्यासाठी एकाच जागी आठवड्यातून दोनदा जाऊन ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी भरावी लागते, समजा थिरथिरा हा पाहुणा पक्षी दिसला नाही, त्या दिवशीसुद्धा. २००७मध्ये सुरू झालेल्या मायग्रंटवॉच उपक्रमात लोकांकडून अशा येण्या-जाण्याच्या तारखाच मागवल्या होत्या.

हे पक्षी जाता जाता मे महिन्यात दक्षिणेकडून नवरंग हा रंगीबेरंगी पक्षी येतो. रात्री उडतो, शहरात काचांवर आपटतो आणि सकाळी पार्किंगमध्ये दमून बसलेला सापडतो. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाशी कापड घालून त्याला ठेवा, झाकण लावा आणि अंधाऱ्या, शांत जागी राहू द्या. पंख लोंबत असेल किंवा रक्त दिसत असेल तर वन विभागाला १९२६वर कळवा. तसं नसेल तर दिवस मावळताना खोका झाडीत जमिनीवर ठेवा, झाकण उघडा आणि मागे सरका.